"काही काढून टाकू नका" म्हणणाऱ्या दादांस

दादा, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानले होते, पण घाईघाईत. तुम्ही जे केलंत ते आमच्यासारख्या इतरांनाही कळावं, म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

आमच्या वाचनालयात पुस्तकांची माहिती आम्ही एका ऑनलाइन सूचीवर बघतो. तिथे प्रत्येक पुस्तकाखाली आमच्या स्वतःच्या नोंदी दिसाव्यात म्हणून क्रोम ब्राउझरला जोडलेल्या टँपरमंकी या एक्स्टेन्शनमध्ये एक स्क्रिप्ट, म्हणजे पानात आपले बदल करणारी छोटी आज्ञावली, बसवलेली आहे. 'शेवटची चार पानं नाहीत', 'लेखकाचं हे टोपणनाव', 'देणगीची प्रत, घरी द्यायची नाही' अशा त्या नोंदी. एके सकाळी त्या दिसेनाशा झाल्या. ज्याला विचारावं तो म्हणे, टँपरमंकी काढून पुन्हा टाका.

तुमचं पहिलं वाक्य मात्र होतं, "काही काढून टाकू नका." स्क्रिप्टने साठवलेलं सगळं टँपरमंकीकडेच असतं, एक्स्टेन्शन काढलं की तेही जातं, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. तुम्ही आधी टँपरमंकीच्या युटिलिटीज विभागात नेलंत, स्क्रिप्टचा साठा सोबत घ्यायच्या चौकटीत खूण करायला लावलीत आणि मग एक्स्पोर्ट, म्हणजे सगळ्याची प्रत एका झिप फाइलमध्ये. तेवढ्यावर थांबला नाहीत. ती झिप उघडून आमची एखादी नोंद त्यात सापडते का ते बघायला सांगितलंत. सापडली, आणि माझा जीव भांड्यात पडला. त्या नोंदी दुसरीकडे कुठेही उतरवलेल्या नव्हत्या, दादा. काही तर आता हयात नसलेल्या वाचकांनी सांगितलेल्या आहेत.

मग तुम्ही विचारलंत, "टँपरमंकीच्या चिन्हावर आकडा दिसतो का?" दिसत नव्हता, म्हणजे स्क्रिप्ट चालतच नव्हती. क्रोम 138 पासून यूझर स्क्रिप्टची, म्हणजे आपण बसवलेल्या अशा स्क्रिप्टची, परवानगी प्रत्येक एक्स्टेन्शनच्या तपशिलात जाऊन वेगळी द्यावी लागते. अशी स्क्रिप्ट पानावरचं काहीही वाचू-बदलू शकते, म्हणून ही काळजी, हेही तुम्ही समजावलंत. 'अलाउ यूझर स्क्रिप्ट्स' चालू केलं, पान रिफ्रेश केलं, नोंद हजर.

पण यादीतून दुसऱ्या पुस्तकावर गेलं की पुन्हा काही नाही. तिथेच रिफ्रेश केलं की दिसे. मला हा निव्वळ लहरीपणा वाटला असता, तुम्हाला त्यातच उत्तर मिळालं. सूचीची नवी रचना अशी की क्लिक केल्यावर वरचा पत्ता बदलतो, पण पान नव्याने उघडत नाही. स्क्रिप्ट कोणत्या पत्त्यांवर चालायची ते सांगणाऱ्या मॅच ओळीत आमच्याकडे फक्त पुस्तकाच्या पानाचा पत्ता होता, त्यामुळे यादीवरून आत शिरलं की ती जागीच होत नसे. तुम्ही मॅच पूर्ण साइटपुरता वाढवलात आणि पानातले बदल टिपायला म्युटेशनऑब्झर्व्हर लावलात. आपण घातलेली नोंद हाही पानातला बदलच, मग स्क्रिप्ट स्वतःच्याच मागे धावत राहील, म्हणून 'नोंद आधीच आहे का' ही तपासणीही घातलीत. ही ओळ मला फार आवडली.

नोंदी पत्त्यातल्या पुस्तक क्रमांकाला जोडलेल्या आहेत. आमच्याकडच्या जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, कुठून असणार! नव्या रचनेत ते क्रमांक तेच राहिलेत ना, हे तुम्ही काही बदलण्याआधी दोन-तीन पुस्तकं उघडून पाहिलंत. इतक्या बारकाईने कोण बघतं परक्याच्या कामात? पैशांचं विचारलं तर विषयच बदललात.

एक्स्पोर्टची फाइल आता दर महिन्याला पेनड्राइव्हवर जाते आणि एक प्रत कार्यवाहांकडे असते. स्क्रिप्टमध्ये प्रत्येक बदलाशेजारी तुम्ही मराठीत टीप लिहिलीत, ती वाचून आमच्या सहायक ताईंनी परवा नोंदींचा रंग स्वतः बदलला. तुम्हाला कळवायला सांगितलंय त्यांनी.

मनापासून आभार, दादा.

तुमची,
एका तालुक्याच्या गावची ग्रंथपाल