टेबलावरची असई

नॉटिंगहॅम,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय मुकुंदा,

परवा फोनवर "पन्नाशी उलटली तरी खेळण्यातले सैनिक रंगवतोस? काय मिळतं तुला त्यात?" असं विचारून तू खदाखदा हसलास, आणि मी तोंड उघडायच्या आत तुझ्याकडची लाइन गेली. त्यामुळे उत्तर कागदावर देतोय. निवांत वाच. वहिनींना मात्र वाचून दाखवू नकोस. त्यांची आणि हिची युती झाली तर माझी खैर नाही.

आधी हे नक्की काय आहे ते सांगतो. सहा फूट बाय चार फूट टेबल, आमच्या क्लबात जोडून बारा फुटांचं. त्यावर हिरवं-मातकट कापड, फोमच्या टेकड्या, नद्या, घरं. सैनिक असतो अठ्ठावीस मिलिमीटरचा, म्हणजे तुझ्या अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासा उंच. प्लॅस्टिकचा किंवा धातूचा, आणि दुकानातून येतो तेव्हा नागडा राखाडी, बहुधा तुकड्या-तुकड्यांत. चौकटीतून तुकडे कापून काढायचे, साच्याच्या रेघा पात्याने खरवडायच्या, चिकटवायचं, प्रायमर, म्हणजे अस्तराचा रंग, मारायचा, मग रंगवायचं. मग अंतर मोजायची टेप आणि फासे घेऊन समोरच्याशी लढाई. एक पलटण चोवीस सैनिकांची धरली, तर टेबलावरचा एक जण मैदानावरच्या वीस-तीस जणांच्या बदली उभा असतो.

तू म्हणशील, पोरखेळ. पण याची सुरुवात पोरांनी केलेली नाही. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या तरुण लेफ्टनंटने १८२४ मध्ये नकाशा, ठोकळे, फासे आणि मधे बसलेला पंच असा खेळ आपल्या वरिष्ठांपुढे मांडला. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची. सेनापती म्युफ्लिंगला तो इतका पटला की त्याने सगळ्या लष्कराला त्याची शिफारस केली. इंग्लंडात तो दिवाणखान्यातल्या गालिच्यावर आणला कादंबरीकार एच. जी. वेल्सने. १९१३ साली त्याने नियमांचं पुस्तकच छापलं, त्यात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने समोरचे शिशाचे शिपाई पाडायचे. आणि पुढच्याच वर्षी युरोपने खऱ्या तोफा काढल्या, तो भाग वेगळा. आज जो छंद इथे दिसतो तो १९६० नंतर वाढला. तो वाढवणाऱ्यांत डोनाल्ड फेदरस्टोन हे मोठं नाव, व्यवसायाने साउदॅम्प्टन फुटबॉल क्लबचा फिजिओथेरपिस्ट. जनरल-बिनरल कोणी नाही.

मी राहतो ते गाव तर या पंथाचं पंढरपूर. गेम्स वर्कशॉप ही असले खेळ विकणारी कंपनी १९७५ मध्ये लंडनला तीन मित्रांनी सुरू केली. आता तिचं मुख्यालय इथे लेंटनला आहे, दारात अवाढव्य चिलखती पुतळा उभा. त्यांचा वॉरहॅमर हा राक्षसांच्या लढायांचा खेळ १९८३ चा, आणि त्याची अंतराळातली आवृत्ती १९८७ ची. २०२४ च्या डिसेंबरात ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारात फुट्सी १०० या बड्या शंभर कंपन्यांच्या यादीत जाऊन बसली. बाहुल्या विकून! तिथून बाहेर पडलेल्यांनी आसपासच आपापली दुकानं थाटली: वॉरलॉर्ड, मँटिक, पेरी. या पट्ट्याला इथे लेड बेल्टच म्हणतात, म्हणजे शिशाचा पट्टा. पेरी हे जुळे भाऊ, ॲलन आणि मायकल, दोघेही मूर्तिकार. जुनी युद्धं हुबेहूब उभी करण्याच्या एका कार्यक्रमात तोफेच्या अपघातात मायकलने उजवा हात गमावला. त्याने डाव्या हाताने घडवायला शिकून काम पुढे चालू ठेवलं. अठ्ठावीस मिलिमीटरमध्ये नाक-डोळे कोरायचे आणि तेही डाव्या हाताने, याचा जरा विचार कर.

मला स्वतःला राक्षस आणि अंतराळवीर झेपत नाहीत. माझी वस्ती इतिहासवाल्यांत. आमचा क्लब भरतो एका चर्चच्या मागच्या हॉलमध्ये, आठवड्यातून एक संध्याकाळ. चहाचा भला मोठा किटलीसारखा डबा, मऊ पडलेली बिस्किटं, आणि माणसं अशी की एरवी एका छताखाली आली नसती. निवृत्त बस ड्रायव्हर, शाळेतली विज्ञानाची बाई, एक दातांचा डॉक्टर, आणि एक विशीतला पोरगा जो "हॅलो" म्हणायलाही लाजतो, पण घोडदळ हातात आलं की तुमचा पार चुराडा करतो. बस ड्रायव्हर नेपोलियनच्या सैन्याचा जाणकार. अमक्या रेजिमेंटची कॉलर १८०९ मध्ये पिवळी होती की नारिंगी यावर तो तासभर बोलू शकतो. अशांना इथे बटणं मोजणारे म्हणतात. शिवीसारखं म्हणतात, पण शंका आली की जातात त्याच्याकडेच.

इथले रिवाज मला आवडतात. दुसऱ्याच्या सैनिकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. फासा तिरका अडकला तर न कुरकुरता पुन्हा टाकायचा. टेप लावायची ती समोरच्याला दिसेल अशी. मी काय करणार आहे ते आधी बोलून दाखवायचं, नंतर शब्द फिरवायचा नाही. आपल्याकडे गल्लीतल्या क्रिकेटमध्ये आउट-नॉटआउटवरून बॅट घेऊन घरी गेलेले तू आणि मी. इथे चार तास एकमेकांची फौज कापून काढल्यावर माणसं हात मिळवतात आणि शत्रूचे सैनिक खोक्यात भरायला मदत करतात.

आता मूळ मुद्दा, असईची लढाई.

२३ सप्टेंबर १८०३. शिंदे आणि नागपूरकर भोसले एका बाजूला, आर्थर वेलस्ली दुसऱ्या बाजूला. तोच पुढे वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला भारी पडला. (पुढे लेखिका झालेल्या ब्रॉन्टे बहिणी लहान असताना, १८२६ मध्ये, वडिलांनी भावासाठी लाकडी शिपायांचा डबा आणला. शार्लटने त्यातला एक उचलून त्याचं नाव लगेच ठेवलं ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हणजे हा माणूस खेळण्यात फार पूर्वीच गेलेला.) उतारवयात त्याला सर्वांत चांगली लढाई कोणती असं विचारलं, तर म्हणे त्याने वॉटर्लू नाही, असईचं नाव घेतलं. आणि आपल्या शाळेच्या पुस्तकात या लढाईला किती ओळी होत्या? मला तर एकही आठवत नाही.

क्लबात असई मांडायची ठरली तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिंद्यांची फौज माझ्या गळ्यात पडली, आणि मी आनंदाने पडू दिली. हिवाळाभर रंगवत होतो. इथे तुला एक बारीक गोष्ट सांगतो. क्लबाच्या कपाटात आधीचे हिंदी शिपाई होते, कुणीतरी जुन्या काळी रंगवलेले, आणि सगळ्यांचे चेहरे एकाच बाटलीतल्या एकाच तपकिरी रंगाचे, जणू एका आईची हजार पोरं. आपल्या वर्गातली पोरं आठव, मुकुंदा. गव्हाळ, सावळी, काळीकुळकुळीत, तो कोकणस्थांचा घाऱ्या डोळ्यांचा पांढराफटक. मी तीन-चार रंग कालवून घेतले आणि पलटणीत मिसळले. वर काळपट पातळ रंगाचा हात दिला की तो ओघळून फेट्याच्या घड्यांत आणि डोळ्यांच्या खाचांत बसतो, आणि क्षणात त्या ठोकळ्याला चेहरा येतो. बस ड्रायव्हरने एक उचलून, हो, आधी विचारून, दिव्याखाली धरला. काही बोलला नाही. पुढच्या आठवड्यात आपले कंपनी सरकारचे शिपाई पुन्हा रंगवायला घरी घेऊन गेला.

घोडदळ मी घेतलं एका जत्रेत. लंडनला सॅल्यूट नावाची मोठी जत्रा भरते, इकडे नेवार्कला पार्टिझन. तिथे जुन्या सामानाचं एक टेबल असतं. क्लबातलं कुणी गेलं की घरच्यांना त्या खोक्यांचं काय करायचं कळत नाही, मग मित्रच ती रास लावून विकतात आणि पैसे घरी पोचवतात. माझे निम्मे घोडे तसेच आलेत. उलटे केले तर बेसच्या खाली बारीक अक्षरात कुणाची तरी आद्याक्षरं आणि १९७८ लिहिलंय. वर नवी माती आणि गवत चिकटवलं, खालचं तसंच ठेवलंय. सगळेच ठेवतात.

लढाईचा नकाशा डोळ्यांपुढे आण. दक्षिणेला केळणा, उत्तरेला जुई, मधे निमुळती होत गेलेली जमीन. शिंद्यांच्या कवायती पलटणी केळणेच्या काठाने दक्षिणेकडे तोंड करून उभ्या, पुढे शंभरावर तोफा. कमांड पोलमन नावाच्या, जर्मनीतल्या हानोव्हरच्या माणसाकडे. वाटाडे म्हणाले, नदी ओलांडायला जवळपास दुसरा उतार नाही. वेलस्लीला पूर्वेला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, त्यांतलं एक पिंपळगाव. गावं समोरासमोर आहेत म्हणजे माणसं ये-जा करत असणार, म्हणजे पाण्यातून वाट असणार. त्या तर्कावर त्याने फौज घातली, आणि वाट निघाली.

इंग्रजी पुस्तकं इथे टाळ्या वाजवतात. मला मात्र त्याच्या पुढचं जास्त महत्त्वाचं वाटतं. शत्रू बगलेवर आलेला पाहून पोलमनने सगळी रांग काटकोनात फिरवली, तोफांसकट, आणि तीही झपाट्याने. इतकी शिस्त वेलस्लीने गृहीत धरली नव्हती. टेबलावर मी ते करून पाहिलं. सगळ्या पलटणी ट्रेवर, मधे तोफा, एकीला वळायला जागा द्यायची तर दुसरीला थांबवायचं, शेवटची तर पार नदीत जायला निघाली. घाम फुटला लेका. शिंद्यांच्या पदरच्या दीब्वाञ या युरोपी सेनानीने घडवलेल्या आणि त्याच्यानंतर आलेल्या पेराँच्या हाताखाली वाढलेल्या त्या पलटणींनी हे गोळ्यांच्या माऱ्यात केलं. "मराठ्यांना फक्त गनिमी कावा येत होता" असं पुन्हा कुणी म्हणालं, तर त्याला माझ्या टेबलाशी उभा करीन.

त्या दिवशी इंग्रजांचे सुमारे सोळाशे मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. ऑरॉक नावाच्या अधिकाऱ्याने वाट चुकवून आपली तुकडी थेट असई गावातल्या तोफांच्या तोंडी नेली आणि मागून आलेल्या ७४ व्या रेजिमेंटची चाळण झाली. शिंद्यांचे काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले, आणि इंग्रज पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीत गोळे घातले. शेवटी ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या.

आमच्यात भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. आम्ही वापरतो ती नियमावली ब्लॅक पावडर, रिक प्रीस्टली आणि जर्व्हिस जॉन्सन यांची, २००९ ची. तिच्यात प्रत्येक सेनानीला एक अंक असतो. हुकूम मोठ्याने बोलायचा, दोन फासे टाकायचे, बेरीज अंकाइतकी किंवा कमी आली तर हुकूम पोचला. साधारण सेनानी आठचा, म्हणजे चारात जवळजवळ तीनदा जमतं. पंचाने पोलमनला आठ दिले आणि आपल्या घोडदळाच्या सरदारांना सहा. सहा म्हणजे निम्म्यापेक्षा कमी वेळा. माझे हजारो घोडेस्वार लढाईभर एका कोपऱ्यात गवत खात उभे. मी म्हटलं, हे सहा कुठून आले? पंच म्हणाला, घोडदळ त्या दिवशी हललंच नाही ना. खरं आहे, नाही हललं. पण का? सरदार नालायक होते म्हणून, की दौलतराव शिंदे आणि भोसल्यांचं आपसात काही ठरलंच नव्हतं म्हणून, की दोन नद्यांच्या चिंचोळ्यात घोड्यांना जागाच नव्हती म्हणून? तिन्हींना वेगवेगळा नियम लागतो. पहिल्याला कमी अंक, दुसऱ्याला हुकूम यायला उशीर, तिसऱ्याला काहीच नाही, नकाशाच पुरेसा. आणि ऑरॉकची चूक? ती वेलस्लीवर सक्तीने लादायची का? पंच म्हणाला, नको, फाशांवर बारा पडले तर होईल गोंधळ. म्हणजे इंग्रजांची चूक नशिबावर, आणि आमची अंगभूत!

मी हरलो, तोफाही गेल्या. पण भांडणाचा निकाल माझ्या बाजूने निम्मा लागला. पंचाने सांगितलं, पुरावा आण, पुढच्या वेळी अंक बदलतो. हॉलमधली सगळी माणसं थांबून ऐकत होती आणि कुणालाही ते हास्यास्पद वाटलं नाही. अठराशे तीनच्या मराठा सरदाराला न्याय मिळावा म्हणून इंग्लंडातल्या एका चर्चच्या मागे रात्री दहापर्यंत वाद! तू विचारलंस ना मला यात काय मिळतं, तर हे मिळतं.

आता तुझं काम. तू मोडी शिकलायस आणि संभाजीनगरात बसलायस, म्हणजे असई तुला हाकेच्या अंतरावर. दिवाळीनंतर एक दिवस काढ. पिंपळगावापाशी केळणेचा उतार बघ: किती रुंद, काठ किती उंच, तोफ ओढून नेता येईल का. मग दोन नद्यांच्या मधे उभा राहून दोन्ही बाजूंचे फोटो काढ. मला खास करून जुईच्या बाजूचा चढ हवाय. तिथे आमच्या टेबलावर सपाट कापड आहे, आणि मला संशय आहे की तिथे घोडदळाला वळता येण्यासारखं नाही. गावातल्या म्हाताऱ्यांशी बोल. आणि शिंद्यांच्या बाजूच्या कागदांत त्या दिवसाबद्दल कुठे काही दिसलं तर उतरवून घे, आज्ञा कुणी कुणाला दिली एवढंच बघ.

काकूंना नमस्कार सांग. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं का ते कळव.

तुझा,
अविनाश

ता. क. ताई डिसेंबरात येतेय, तिच्याबरोबर एक डबा पाठवतोय. एक मराठा पलटण, दोन ब्रश, थोडे रंग. हसू नकोस, दिवाळीच्या किल्ल्यावर बुरुजापेक्षा मोठा मावळा तूच ठेवायचास, तेव्हा प्रमाण आधी समजून घे. प्रायमरचा स्प्रे विमानात नेता येत नाही, तो तिकडेच बघ, पण दमट हवेत मारू नकोस, भुकटी धरते. आणि चेहरे एका बाटलीतून रंगवू नकोस.