बाबांची शपथ, आईचा प्रश्न

ती. आई-बाबा,
सा. न.

रविवारी फोनवर आपलं बोलणं अर्धवट राहिलं. बाबा, आधी तुमचा आवाज चढला, मग माझा, आणि आईने "पुरे आता" म्हणून विषय बंद केला. माझ्या डोक्यातून तो जात नाही. फोनवर मी वाद जिंकायला बघते, लिहिताना तसं होत नाही, म्हणून हे पत्र.

तुमचं म्हणणं असं की सरकारी गुपित सांभाळायचं कबूल करून ज्याने ते फोडलं, तो कितीही हुशार असो, हेतू कितीही चांगला असो, विश्वासघातकीच. अमेरिकन सरकारची गुप्त टेहळणी 2013 मध्ये उघड करणाऱ्या एडवर्ड स्नोडेनला तुम्ही त्या एका शब्दात बसवलंत. मी ते हलक्यात घेत नाही. तुम्ही सगळी नोकरी 'गोपनीय' शेऱ्याच्या फायलींत काढलीत आणि घरात त्यातलं एक अक्षर कधी काढलं नाहीत. आईने विचारलं की "काम होतं" एवढंच उत्तर. लहानपणी मला वाटायचं, तुम्हाला आमच्याशी बोलायचंच नसतं. तो तुमचा प्रामाणिकपणा होता, हे फार उशिरा कळलं.

पण आता मीही किल्ल्या सांभाळते. सिस्टीम अॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे नेमकं काय, हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. कंपनीतल्या कुणाचीही मेल मी उघडू शकते. उघडत नाही, पण उघडू शकते. स्नोडेनचं काम बरंचसं याच जातीचं होतं, फक्त त्याच्या किल्ल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या, म्हणजे एनएसएच्या होत्या, आणि तोही तिथे थेट नोकर नव्हता, एका खासगी कंपनीमार्फत कंत्राटावर होता.

त्याने बाहेर काय आणलं ते आधी बघा. 5 जून 2013 ला पहिली बातमी आली ती एका गुप्त न्यायालयाच्या आदेशाची. व्हेरायझन या टेलिफोन कंपनीने आपल्या ग्राहकांच्या कॉलची माहिती रोजच्या रोज एनएसएला द्यायची, असा तो आदेश होता. संशयितांच्याच नव्हे, सगळ्यांच्या. कुणी कुणाला, किती वाजता, किती वेळ फोन केला. बोलणं त्यात नव्हतं, आणि "मग बिघडलं काय?" असं तुम्ही विचारलंत. बाबा, एखादी बाई आठवड्यात तीनदा कर्करोगतज्ज्ञाला फोन करते, मग वकिलाला करते, मग रात्री दीड वाजता बहिणीशी तासभर बोलते. यातलं एक वाक्यही न ऐकता तिच्या घरात काय चाललंय ते मी सांगू शकते. लाखो माणसांची अशी नोंद वर्षानुवर्षं साठवली, तर ज्याच्या हाती ती असेल त्याला कुणाला काही विचारावंच लागत नाही.

या बातमीच्या तीन महिने आधीचा प्रसंग मला सगळ्यात जास्त टोचतो. 12 मार्च 2013 ला सिनेटर रॉन वायडेन यांनी गुप्तचर विभागांचे प्रमुख जेम्स क्लॅपर यांना उघड सुनावणीत विचारलं, एनएसए लाखो-कोट्यवधी अमेरिकनांची कोणत्याही प्रकारची माहिती गोळा करते का? क्लॅपर म्हणाले, नाही, जाणूनबुजून नाही. वायडेन सिनेटच्या गुप्तचर समितीचे सदस्य होते, खरं उत्तर त्यांना माहीत होतं, पण ते गुपित असल्यामुळे त्यांनाही बोलता येत नव्हतं. म्हणजे निवडून आलेला माणूस गप्प, खोटं बोललेला अधिकारी खुर्चीवर, आणि ज्यांच्या नावाने हे सगळं चाललं होतं त्या लोकांना पत्ताच नाही. क्लॅपर यांनी नंतर ते उत्तर चुकीचं होतं असं लेखी कबूल केलं. त्यांच्यावर खटला झाला नाही. स्नोडेनवर मात्र त्याच जूनमध्ये 1917 च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली गुन्हे दाखल झाले.

तुम्ही म्हणालात, त्याने वरिष्ठांकडे जायला हवं होतं. हे तुमचं सगळ्यात बळकट म्हणणं आहे आणि यावर मी बराच विचार केला. त्याच्या आधी टॉमस ड्रेक नावाचे एनएसएचेच वरिष्ठ अधिकारी तुम्ही सांगता त्याच वाटेने गेले होते. वरिष्ठांना सांगितलं, खात्याच्या महानिरीक्षकांना सांगितलं, संसदेच्या समित्यांना सांगितलं. काहीच हललं नाही, तेव्हा ते एका वार्ताहराशी बोलले. 2007 साली त्यांच्या घरावर छापा पडला, 2010 मध्ये दहा आरोप ठेवले गेले, 35 वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकली असती. 2011 मध्ये खटला ढासळला आणि एका किरकोळ गुन्ह्यावर निभावलं: एक वर्ष चांगल्या वर्तणुकीची हमी आणि 240 तास समाजसेवा. त्यांची कारकीर्द तोवर संपलेली होती. पुढे ते फोन आणि कॉम्प्युटरच्या दुकानात काम करत होते. हे ज्याने जवळून पाहिलं, तो पुन्हा तीच वाट धरेल का?

वर्तमानपत्रंही नेहमी धीराची नसतात. बुश सरकारच्या विनावॉरंट फोन-टेहळणीची बातमी न्यूयॉर्क टाइम्सने सरकारच्या विनंतीवरून वर्षाहून जास्त काळ दाबून ठेवली आणि डिसेंबर 2005 मध्ये छापली. मधे अध्यक्षपदाची एक निवडणूक होऊन गेली. मत देताना लोकांना हे ठाऊक असायला नको होतं का?

म्हणून मला वाटतं, गुपित फोडणं बरोबर की चूक हे शपथेवरून ठरत नाही, आतले दरवाजे खरोखर उघडे होते की नव्हते यावरून ठरतं. आणि शपथेचंच म्हणाल, तर अमेरिकेत सरकारी नोकर शपथ घेतो ती राज्यघटनेच्या रक्षणाची. गुप्तता राखण्याचा करार वेगळा असतो. दोन्ही एकमेकांना छेद देऊ लागले की माणसाने कुठे उभं राहायचं? बाबा, तुमच्यावर ही वेळ आली नाही हे तुमचं भाग्य. तुमच्या फायलींत गुपितं होती, गुन्हे नव्हते.

आता जिथे मी तुमच्या बाजूची आहे, तेही लिहिते. स्नोडेनने नेलेलं सगळं टेहळणीविषयीचं नव्हतं. संसदेच्या गुप्तचर समितीने 2016 मध्ये म्हटलं की त्यातल्या बहुतेक कागदांचा लोकांच्या खासगीपणाशी संबंधच नव्हता. त्याने ते स्वतः इंटरनेटवर ओतले नाहीत, पत्रकारांना दिले आणि काय छापायचं ते त्यांनी ठरवावं असं म्हटलं, हे मी त्याच्या बाजूने मोजते. पण हाँगकाँगमध्ये असताना तिथल्या वर्तमानपत्राला अमेरिका चीनमधले कोणते संगणक फोडते ते त्याने सांगितलं. एका देशाने दुसऱ्यावर हेरगिरी करणं हे अमेरिकन नागरिकाच्या हक्कांचं उल्लंघन नव्हे. ते सांगायला नको होतं. आणि 2022 मध्ये, युक्रेनवर बॉम्ब पडत असताना, त्याने रशियाचं नागरिकत्व घेतलं, ते मला फार खुपतं. तो मॉस्कोत अडकला तो अमेरिकेने पासपोर्ट रद्द केल्यामुळे, विमानतळाच्या आतच महिनाभराहून जास्त काळ राहिला, हे सगळं मला माहीत आहे. तरीही खुपतं.

परत येऊन खटल्याला सामोरं जावं, असं तुम्ही म्हणालात. गेला असता तर "मी हे का केलं" हे ज्युरीला सांगायची मुभाच त्याला नसती. त्या हेरगिरीविरोधी कायद्यात लोकहिताचा बचाव चालत नाही. ज्या न्यायालयात 'का' हा प्रश्न विचारता येत नाही, तिथे न्याय कसा होईल? माझा खरा राग इथे आहे.

शेवटी खरं कोण ठरलं? 2014 मध्ये सरकारनेच नेमलेल्या मंडळाने सांगितलं की या फोन-नोंदींमुळे दहशतवादाच्या एकाही तपासाच्या निकालात ठोस फरक पडल्याचं त्यांना आढळलं नाही. मे 2015 मध्ये अपील न्यायालयाने अशा सरसकट नोंदी गोळा करण्याला कायद्यात आधार नाही असा निर्णय दिला आणि पुढच्याच महिन्यात संसदेने ते बंद करणारा कायदा केला. पण तो बदल अमेरिकनांपुरता. तुम्ही भारतातून आणि मी अमेरिकेतून फोनवर बोलतो त्यातलं तुमचं टोक परकीय आहे, आणि परकीयांची टेहळणी ज्या कलम 702 खाली होते ते 2024 मध्येही संसदेने पुढे वाढवलं. स्नोडेनच्याच कागदांत एका महिन्याचा हिशेब होता, मार्च 2013 चा: भारतातून गोळा केलेल्या नोंदी 630 कोटी. तुम्ही म्हणता "माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" बाबा, आयुष्यभर कपाटाची किल्ली खिशात ठेवणाऱ्या माणसाने हे म्हणावं, याचं मला नवल वाटतं.

आई, आता तुझा प्रश्न. तू हळूच म्हणालीस, "त्या मुलाच्या आईवडिलांचं काय झालं असेल?" आमच्या दोघांच्या वादात हा प्रश्न वाहून गेला. त्याचे वडील तटरक्षक दलात अधिकारी होते, बाबांसारखेच शिस्तीचे. सुरुवातीला त्यांनी टीव्हीवरून मुलाला विनवलं की देशद्रोह ठरेल असं आणखी काही बाहेर काढू नकोस. चार महिन्यांनी तेच मॉस्कोला जाऊन त्याला भेटले. मधल्या त्या महिन्यांत त्यांच्या मनात काय काय झालं असेल, याचा विचार मी पुन्हा पुन्हा करते.

आणखी एक जोडपं आहे, जॉन आणि बॉनी रेन्स. 8 मार्च 1971 च्या रात्री पेनसिल्व्हेनियातल्या मीडिया नावाच्या गावी त्यांच्यासह आठ जणांनी एफबीआयच्या कार्यालयातून फायली पळवल्या आणि वर्तमानपत्रांना पाठवल्या. युद्धविरोधी लोकांना प्रत्येक टपालपेटीमागे एफबीआयचा माणूस उभा आहे असं वाटलं पाहिजे, असं एका कागदात चक्क लिहिलेलं होतं. त्यातून पुढे संसदेची चौकशी झाली आणि 1978 चा टेहळणीवरचा कायदा आला. 2013 चा तो आदेश देणारं गुप्त न्यायालय त्याच कायद्याने जन्माला आलं. लोकांना वाचवायला बांधलेली भिंत पुढे त्यांच्याच विरुद्ध उभी राहिली, हे वाचून मला वाईट वाटतं. पण आई, तुला सांगायचं होतं ते वेगळं. त्या दोघांना तीन लहान मुलं होती. तुरुंगात जावं लागलं तर ती कुणाकडे राहतील हे आधी ठरवून मगच ते त्या रात्री घराबाहेर पडले. पकडले गेले नाहीत. 2014 पर्यंत जगाला त्यांचं नावही कळलं नाही.

तू विचारलंस, "तुझ्यावर अशी वेळ आली तर?" मी आधी वरिष्ठांना लेखी कळवेन, पुन्हा कळवेन, वकिलाकडे जाईन. सगळं करून दार बंदच राहिलं, तर बहुतेक मी बोलेन. बहुतेक म्हणते, कारण धीर होईल की नाही ते मला माहीत नाही. पण तुम्हाला दोघांना आधी काही सांगणार नाही. तुम्हाला माहीत असेल तर चौकशीत तुम्हाला विचारतील, आणि बाबांना खोटं बोलता येत नाही.

रविवारी नेहमीच्या वेळेला फोन करते. आई, तोवर हे पत्र बाबांना एकट्याला वाचू दे.

तुमची,
लेक