गालुंगानच्या बुधवारी हॉलंडात सुट्टी नसते

मा. संपादक,

युरोपातल्या सणांच्या बातम्यांत नेदरलँड्समधले सगळे हिंदू आपल्याकडे एकाच माळेत ओवले जातात. तिथले बहुतेक हिंदू सुरीनाममार्गे आलेल्या भोजपुरी घराण्यांतले. इंडोनेशियातल्या बाली बेटाहून आलेले मोजके लोक निराळे. बहुतेक सुरीनामी मंदिरांत मूर्ती असते, आरती असते. बालीकराला हवे असते पद्मासन, म्हणजे उंच दगडी रिकामे आसन. 'जवळच मंदिर आहे की' हे उत्तर त्यांच्या उपयोगाचे नाही.

खरी ओढाताण पंचांगाची. गालुंगान, म्हणजे पितर घरी येतात असा बालीकरांचा सण, दर २१० दिवसांनी येतो, तोही बुधवारीच. रविवारी ढकलावा, तर वारच हुकतो. दहा दिवसांनी येणारा त्याचा समारोपाचा सण कुनिंगान सुदैवाने शनिवारी असतो, पण पूजा दुपारी बाराच्या आत आटोपावी लागते. त्यानंतर पितर परत निघतात असे मानतात. दुसऱ्या गावाहून आगगाडीने येणाऱ्यांनी पहाटेच निघायचे.

रोजचा नैवेद्य म्हणजे चानांग सारी. नारळाच्या कोवळ्या पातीची चिमुकली परडी बांबूच्या काडीने टाचायची, आत विड्याचे पान, चुना, सुपारी. वर फुले: पूर्वेला पांढरे, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळे, उत्तरेला निळे किंवा हिरवे. हॉलंडात नारळच उगवत नाही. केळीचे पान घ्यावे, तर गोठवलेले पान वितळताच काळे पडते आणि टाचताना शिरेच्या रेषेत चिरते. आधी आचेवरून फिरवले की ते मऊ होते, हे कोकणात कुणाला सांगायला नको. दिशांचे मात्र काय करणार? बालीत 'काजा' म्हणजे डोंगराकडची बाजू. सपाट हॉलंडात डोंगर आणायचा कुठून!

वर्षांची गणना मात्र आपली नि त्यांची शकाचीच. १९ मार्च २०२६ रोजी गुढीपाडवा आणि न्येपी, म्हणजे बालीचा नववर्षदिन, एकाच दिवशी, शके १९४८. आपण गुढी उभारतो. बालीत त्या दिवशी दिवा, काम, प्रवास, करमणूक सारे वर्ज्य, विमानतळसुद्धा २४ तास बंद. डच शहरात मात्र पडदे ओढून घरापुरताच अंधार करता येतो.

आणखी एक. १९०६ मध्ये डच फौजेपुढे बालीतल्या बादुंगचे राजघराणे पुपुतानमध्ये, म्हणजे शरण न जाता केलेल्या सामूहिक आत्माहुतीत, मरणाला सामोरे गेले. तिथून नेलेली शस्त्रे, नाणी, दागिने आणि वस्त्रे सप्टेंबर २०२४ मध्ये इंडोनेशियाला परत करण्याचे ठरलेल्या २८८ वस्तूंत होती. तोवर हॉलंडातल्या बालीकराला आपल्या राजवाड्यातले सामान डच सरकारच्या मालकीचे म्हणूनच ओळखावे लागत होते.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे