गिलावा नको, भिंतीचे दर्जे (सांधे) भरून घ्या

पुणे, 12 मार्च

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, आपल्या घराच्या दुरुस्तीसाठी गवंड्याने दिलेला खर्चाचा अंदाज वाचला. मागच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा, आतून पुट्टी आणि ऑइल पेंट, न्हाणीघराच्या स्लॅबवर डांबर, आणि जमलंच तर कौलं उतरवून पत्रे. या चारांतलं एकही काम मी करू देणार नाही. पैसे जातील आणि ओल तिथेच राहील. फोनवर अर्धं विसरायला होतं म्हणून लिहून पाठवते. गवंड्यालाही वाचून दाखवा.

फोटोतला माजघराचा डाग जमिनीपासून अडीच फूट चढलाय आणि वर जवळजवळ सरळ रेषेत थांबलाय. कडेला पांढरा लोणा, म्हणजे मिठाचा फुलोरा, आहे. कौल गळत असतं तर ओघळ वरून आला असता. पाइप फुटला असता तर डाग एकाच जागी गोल पसरला असता. ही ओल जमिनीतून चढलेली आहे. आणि मार्चमध्ये, शेवटचा पाऊस होऊन चार-पाच महिने झाल्यावरही भिंत ओली आहे, म्हणजे तिला रोज पाणी मिळतंय. आई, रागावू नकोस, पण ते तू भिंतीलगतच्या मोगरा-अबोलीच्या आळ्यांत घालतेस तेच पाणी आहे. वर्षानुवर्षं माती घालत गेल्याने बाहेरची जमीन जोत्याच्या वर आलीय. भिंतीतला जांभ्याचा चिरा मुळात सच्छिद्र, तो ते पाणी पितो.

खात्री करायची असेल तर दीड फूट बाय दीड फूट जाड प्लास्टिक डागावर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीच्या बाजूने जमले तर ओल आतली. खोलीच्या बाजूने जमले तर ती हवेतली, मग खिडक्या उघड्या ठेवण्यापलीकडे काही करायला नको.

आता यावर बाहेरून सिमेंट थापलं की काय होतं ते सांगते. चढलेलं पाणी एरवी बाहेरच्या अंगाने, उन्हावाऱ्यात उडून जातं. ती वाट बंद झाली की ते आणखी वर चढतं आणि आतल्या बाजूने फुटतं. पाण्याबरोबर आलेले क्षार गिलाव्याच्या मागे साठून स्फटिक होतात आणि गिलावा भिंतीपासून सोडवतात. दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीवर नाणं ठोकलं की पोकळ आवाज येतो तो यामुळेच. आतला ऑइल पेंट हेच काम उलट्या बाजूने करतो. माजघराला आतून चुन्याचाच रंग द्या.

तेव्हा पहिलं काम कुदळीचं, गवंड्याचं नंतर. मागची माती जोत्याच्या वरच्या कडेपासून निदान 9 इंच खाली न्यायची आणि भिंतीपासून परसाकडे उतार द्यायचा, पहिल्या 10 फुटांत 6 इंच. पागोळ्या जिथे पडतात तिथे फूटभर रुंद, फूटभर खोल चर काढून त्यात मोठी खडी भरा. तिथे उघडी माती असली की पागोळीचे शिंतोडे दीड-दोन फूट उडतात आणि भिंत खालून-वरून दोन्हीकडून भिजते. चराला उतार विहिरीच्या उलट दिशेने. लगेच सिमेंटचा कोबा करू नका. कोब्याखालची ओल बाजूला सरकून भिंतीतच शिरते.

माती काढल्यावर भिंत महिनाभर नुसती उघडी राहू द्या. लोणा कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत गोळा करून टाकायचा. पाण्याने धुतला तर मीठ परत आत जातं.

मग दर्जे, म्हणजे दोन चिऱ्यांमधले मालाचे सांधे. हा गवंडी सिमेंटमधलाच आहे, त्यामुळे इथे कोणी उभं राहायला हवं. जुना सुटा माल छिन्नीने हलक्या हाताने काढायचा, ग्राइंडर लावू द्यायचा नाही, कारण चिऱ्याच्या कडा उडतात. खोली दर्ज्याच्या रुंदीच्या दुप्पट, साधारण इंचभर. धूळ ब्रशने काढून, दर्जा आदल्या संध्याकाळी आणि भरण्यापूर्वी पुन्हा भिजवायचा. माल सिमेंट 1, चुना 2, वाळू 9, घमेल्याने मोजून. चुन्याची पूड आदल्या रात्री पाण्यात भिजवून ठेवायची, सिमेंट मात्र ऐन वेळी, दोन तासांत संपेल एवढ्याच मालात. तो म्हणेल सिमेंट-वाळू 1:3 करू, मजबूत होईल. मजबूतच नकोय. माल चिऱ्याहून मऊ हवा, म्हणजे ओल दर्ज्यातून बाहेर पडते आणि झिजायचंच झालं तर दर्जा झिजतो. दर्जा दहा वर्षांनी पुन्हा भरता येतो, खाल्लेला चिरा बदलायला भिंतीला टेकू द्यावे लागतात. माल दोन थरांत दाबून भरायचा, चिऱ्याच्या तोंडापेक्षा किंचित आत ठेवायचा, चिऱ्यावर फासायचा नाही. वर ओलं गोणपाट, सात दिवस. मे महिन्याच्या उन्हात हे चुकलं तर दर्जा भुगा होऊन बोटाला लागतो.

वाळू नदीची आणा, खाडीची स्वस्त पडते म्हणून घेऊ नका, तिच्यातलं मीठ पुन्हा लोणा आणेल. काचेच्या बरणीत 4 इंच वाळू घालून वर पाणी भरा, हलवा आणि तीन तास ठेवा. वाळूवर पाव इंचाहून जाड गाळ बसला तर गाडी परत पाठवा. सिमेंटच्या पोत्यावरचा आठवडा आणि वर्ष बघून घ्या, तीन महिन्यांपेक्षा जुनं नको.

कौलांचं. पत्रे लावायचे नाहीत, हे माझं मत तुम्हाला ठाऊकच आहे. दुपारी पडवीत बसता येणार नाही आणि पावसात एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही. पत्रा वाऱ्याला टिकतो हेही सरसकट खरं नाही. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत कौलं उडाली तसे पत्रेही उडाले, आणि पत्रा उडतो तो अख्खा. कौलाच्या पाठीला भोक असलेली कानी असते, ती तार ओवण्यासाठीच. वळचणीकडच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांच्या ओळी तांब्याच्या तारेने रिपेला बांधून घ्या. लोखंडी तार आपल्या हवेत गंजून तुटते.

गळती शोधायची ती भर दुपारी, माळ्यावर जाऊन, दिवे बंद करून. जिथून उजेडाची टाचणी दिसते तिथे खडूने खूण करा. थेंब पडतो त्याच्या नेमकं वर भोक क्वचितच असतं. पाणी रिपेवरून, वाशावरून वाहत येतं, म्हणून डागापासून आढ्याच्या दिशेने वर बघत जायचं. पाखं, म्हणजे छपराची उतरती बाजू, मध्येच खचल्यासारखं दिसत असेल तर दोष कौलांचा नाही. वासा वाकलाय, तिथला उतार कमी झालाय आणि पाणी मागे फिरून सांध्यातून आत येतंय. तिथे कितीही कौलं बदलली तरी गळणारच. वाशाला जोड द्या.

बदली कौलं आणताना एक जुनं कौल पिशवीत घालून दुकानात न्या. दोन कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत बसत नाहीत. जुनं कौल उलटं करून छापही बघा. मंगळुरात बासेल मिशन या स्विस मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना 1865 साली निघाला आणि ते साल कौलांवर छापलेलं असे. तसं एखादं निघालं तर फेकू नका, ते आजही नव्यापेक्षा बरं असण्याची शक्यता आहे. बोटाने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर चीर आहे. चौरस मीटरला साधारण 15 कौलं बसतात, फुटीची दहा टक्के जास्त घ्या. कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, मात्र सगळे तपासायला सांगा. त्यांच्याखालचा सिमेंटचा माल दरवर्षी उन्हाने तडकतो आणि बहुतेक गळती तिथलीच असते.

माळ्यावर आहातच तर वाशांची भिंतीत गेलेली टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. सहज आत गेला किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. वरवर फवारणी करून ती जात नाही. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात दर फुटावर 12 मिलिमीटरचं भोक पाडून प्रत्येकात लिटरभर औषध सोडावं लागतं. विहिरीकडच्या बाजूला हे करायचं नाही, चिऱ्यातून औषध पाण्यात उतरतं. तिकडच्या लाकडाला डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलांचं तेल, लावा, पण हातमोजे घालून, अंगावर उडालं की कातडी सोलते.

न्हाणीघराच्या स्लॅबवर डांबर नको. आधी स्लॅब खरवडून शेवाळ काढा, भेगा उघड्या करून पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरा, कठड्याच्या कोपऱ्यात मालाने गोल वाटा काढून काटकोन बुजवा. पाणी काटकोनात साचतं आणि भेगही तिथेच पडते. मग सिमेंट-अॅक्रिलिकचे दोन हात, दुसरा पहिल्याच्या आडवा, मध्ये जाळी. स्लॅब ओलसर हवा पण पाणी उभं नको, म्हणून सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी. डब्यावर लिहिलेले दिवस सुकू दिल्यावर तोटीचं तोंड बंद करून दोन इंच पाणी भरा आणि 48 तास ठेवा. गवंड्याचा शेवटचा हप्ता हे पाणी उतरल्यावर, आधी नाही. खालून सळई दिसते तिथे नुसता माल थापू देऊ नका. गंज चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासून, गंजरोधक लावून, मगच.

एप्रिलमध्ये सगळी माणसं आंब्याच्या बागांत अडकतात, म्हणून माती आणि कौलं मार्चमध्येच, दर्जे एप्रिल अखेरीला, स्लॅब मेच्या पहिल्या आठवड्यात. नैर्ऋत्येकडच्या पडवीला चुडतांची झापं मेअखेर बांधून घ्या. भिंत झडीत भिजलीच नाही तर दर्ज्यांना पहिला पावसाळा हलका जाईल.

बाबा, शिडीवर तुम्ही चढायचं नाही. कौलांवर चढणाऱ्यालाही आडवी फळी टाकूनच चालायला सांगा, एका पावलात चार कौलं जातात. आई, मोगरा संध्याकाळी मातीच्या गड्ड्यासकट उचल आणि सध्या कुंडीत ठेव. जून लागला की परसाच्या कडेला लावता येईल.

माती काढून झाली की उघड्या जोत्याचा फोटो फूटपट्टी टेकवून पाठवा. खाली काळा दगड किती आणि चिरा किती आहे ते बघून चुना आणि वाळू किती आणायची ते कळवते.

तुमची,
लेक