दहा किलोला हरकत नाही, तीन महिन्यांना आहे

चि. मुक्ता हीस,
अनेक आशीर्वाद.

तीन महिन्यांत दहा किलो वजन उतरवायचा तुझा बेत वाचला. दहा किलो उतरवणं तुझ्या उंचीला योग्यच आहे, पण तीन महिने हा आकडा कुठून आला? एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. दहा किलो नव्वद दिवसांत संपवायचे तर रोज साडेआठशे कॅलरींची तूट पडायला हवी, म्हणजे शरीर जाळतं त्यापेक्षा तेवढ्या कमी खायला हव्यात. आता तुझ्या शरीराचा रोजचा कॅलरींचा खर्च बघ. वजन ७६ किलो, त्याला दहाने गुण. उंची १६० सेंटिमीटर, तिला सव्वासहाने गुण. दोन्हींची बेरीज करून त्यातून वयाची पाचपट आणि वर १६१ वजा कर. तुझ्या अठ्ठावीस वर्षांना उत्तर येतं १,४५९. नुसतं पडून राहिलीस तरी शरीर एवढं जाळतं. बैठं काम आणि थोडं चालणं धरून १.३७५ने गुणलं की दिवसाचे सुमारे २,००० होतात. त्यातून साडेआठशे काढल्यावर जे उरतं, त्यात प्रथिनं, लोह, कॅल्शियम नीट बसवणं फार अवघड. मग शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडायला लागतं. वजनकाट्याला त्यातला फरक कळत नाही. तो दोन्हीला सारखंच 'कमी झालं' म्हणतो. शिवाय फार झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो.

म्हणून रोज साडेचारशेची तूट धर, म्हणजे जेवण १,५५०च्या आसपास. आठवड्याला चारशे ग्रॅम. वजन घटेल तसा खर्चही घटतो, तेव्हा दहा किलोला सात-आठ महिने लागतील असं समजून चाल.

पहिल्या आठवड्यात एक-दोन किलो धाडकन उतरतील, त्यावर भाळू नकोस. यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, प्रत्येक ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून असते. खाणं कमी झालं की आधी हा साठा आणि त्याचं पाणी जातं. एखाद्या लग्नात पोटभर जेवलीस की ते दोन दिवसांत परत येतं, आणि माणूस 'सगळी मेहनत वाया गेली' म्हणून हातपाय गाळतो. एका जेवणाने दीड किलो चरबी चढत नाही. त्यासाठी गरजेपेक्षा अकरा-साडेअकरा हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील.

काटा कडक फरशीवर ठेव, सतरंजीवर आकडा चुकतो. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन कर, लिहून ठेव आणि विसरून जा. बघायची ती सात दिवसांची सरासरी. पाळीच्या आधी पाणी साठून वजन वाढतं, म्हणून सरासरीसुद्धा मागच्या महिन्याच्या त्याच दिवसांशी ताडून बघ. पंधरा दिवसांनी कंबरही मोज: शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावून, श्वास सहज सोडल्यावर. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, तुझ्या बाबतीत ८० सेंटिमीटरच्या आत.

आता जेवण. सगळ्यात मोठी गळती तेलात असते, कारण ते ताटात दिसत नाही. मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर, तेलात १२० कॅलरी असतात. बाटलीतून अंदाजाने कढईत ओतलं की दोन चमचे कधी झाले ते कळतही नाही. स्वयंपाक चौघांचा असेल तर दर चमच्याला मोजत बसू नकोस. आठवड्याचं तेल वेगळ्या बाटलीत काढून ठेव आणि ते आठवडाभर पुरव. दुसरी चूक मोबाइलवर नोंद करताना होते. १०० ग्रॅम कच्च्या तांदळाच्या सुमारे ३५० कॅलरी, तर १०० ग्रॅम शिजलेल्या भाताच्या सुमारे १३०. भात तोलून कच्च्याची नोंद केलीस तर उगीच उपाशी राहशील, उलट केलंस तर तूट केव्हाच संपेल. मूठभर सुकामेवा (३० ग्रॅम) पावणेदोनशेच्या घरात जातो, तेव्हा पाकिटातून खाऊ नकोस, वाटीत काढून घे. फळ खा, रस नको. रसात चोथा जातो आणि पोट भरत नाही.

प्रथिनं मात्र कमी करायची नाहीत. वजनाच्या किलोमागे १.२ ग्रॅम धरलं तर तुला रोज नव्वदेक ग्रॅम लागतील. एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात साडेसहा-सात, १०० ग्रॅम शिजलेल्या कडधान्यात आठ-नऊ. ही बेरीज एका जेवणात होत नाही, म्हणून सकाळच्या न्याहारीपासूनच पंचवीस-तीसचं लक्ष्य ठेव. निम्मं ताट भाजीचं असू दे. भूक रात्री छळत असेल तर बहुतेक वेळा दुपारी प्रथिनं कमी पडलेली असतात, किंवा आदल्या रात्री झोप.

व्यायामाबद्दल माझं मत तुला आवडणार नाही. तासभर भरभर चालून तुझ्या अडीचशेच्या आसपास कॅलरी जातील, आणि त्या पाच मिनिटांत परत खाता येतात. घड्याळ दाखवतं त्या 'जळलेल्या' कॅलरींवर तर विसंबूच नकोस, आणि त्या खाऊन भरून काढू नकोस. व्यायाम हवा तो स्नायू टिकावेत म्हणून. आठवड्यात दीडशे मिनिटं चालणं आणि तीन दिवस ताकदीचे व्यायाम, मध्ये एक-एक दिवस सोडून.

सुरुवात खुर्चीपासून कर. खुर्ची भिंतीला टेकव, पाय खांद्याएवढे फाकव, टाचा जमिनीला चिकटलेल्या. कंबर मागे नेत तीन आकडे मोजत खाली ये, खुर्चीला जेमतेम टेक आणि ऊठ. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या बोटांच्या दिशेने ढकल. गुडघेदुखी बरेचदा तिथूनच सुरू होते. धपकन बसलीस तर निम्मा व्यायाम बुडाला. दहा-बारा वेळा, असे तीन फेरे. सोबत भिंतीला हात टेकून दंड, उताणं झोपून कंबर उचलणं, आणि पुढे वाकून वजनाची पिशवी पोटाकडे ओढणं. तीन फेरे सहज जमायला लागले की वजन वाढव, नाहीतर स्नायूंना टिकायचं कारण उरत नाही. सुरुवातीला अंग दुखेल, दुखऱ्या स्नायूंत पाणी धरलं जातं आणि काटा वर जाईल. जाऊ दे. आणि पोटाचे व्यायाम करून पोटावरचीच चरबी जाईल ही आशा सोड. ती कुठून आधी जायची ते तुझ्या हातात नाही.

आणखी एक. खाणं कमी झालं की माणूस नकळत कमी हलतो, उठायचा कंटाळा करतो. म्हणून दिवसाची पावलं मोज आणि ती घसरू देऊ नकोस.

तीन आठवडे सरासरी जागची हलली नाही तर लगेच जेवण तोडू नकोस. आधी आठवडाभर सगळं पुन्हा तोलून लिही. मापं हळूहळू सैल होतात. तरीही तसंच असेल तर शंभर-दीडशे कॅलरी कमी कर किंवा दोन हजार पावलं वाढव. दोन-अडीच महिन्यांनी पंधरा दिवस तूट थांबव आणि वजन आहे तिथेच ठेवून दाखव. नंतर आयुष्यभर तेच करायचं आहे, त्याची सवय आधीच होईल.

सुरू करण्याआधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे. पाळी चुकली, उठताना चक्कर आली किंवा थंडी जास्त वाजायला लागली तर तूट तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखव. केस गळण्याचं लक्षण दोन-तीन महिने उशिरा येतं, म्हणून तेव्हा काय खातेस ते न बघता आधी काय खात होतीस ते बघ. पहिल्या चार आठवड्यांच्या सरासऱ्या आणि कंबरेची मापं मला पाठव.

तुझी,
आई