जोडीदाराचा व्हिसा अडतो जन्मदाखल्यापाशी

महोदय,

अमेरिकेतल्या जोडीदाराकडे कायमचे जाण्यासाठी मराठवाड्यातून होणारे अर्ज अनेकदा इकडच्याच कागदांवरून रखडतात. गावच्या शाळेत सरसकट १ जून ही जन्मतारीख लिहिली गेली, पुढे पासपोर्टवरही तीच चढली. ग्रामपंचायतीच्या नोंदीत मात्र तारीख वेगळी आणि नावाचा रकाना कोरा! आय-१३० (जोडीदाराने तिकडून भरलेला नात्याचा अर्ज) मंजूर होऊन फाइल कागदपत्रे तपासणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे गेली, की ही तफावत नडते. म्हणून लग्न ठरताच नोंदीत नाव घालून घ्यावे आणि दाखल्यावरची तारीख खरी असेल तर पासपोर्ट दुरुस्त करावा. नोंदच नसेल तर अनुपलब्धता प्रमाणपत्र (जन्मनोंद सापडत नसल्याचा दाखला), आई-वडिलांची प्रतिज्ञापत्रे व शाळेचा दाखला जोडावा. लग्नपत्रिका आणि फोटो हे फक्त जोडपुरावे. विवाह नोंदणी प्रमाणपत्राला पर्याय नाही. मराठी कागदासोबत इंग्रजी भाषांतर आणि भाषांतरकाराचे सहीनिशी प्रमाणपत्र द्यावे.

पीसीसी, म्हणजे गुन्हा नोंद नसल्याचे पोलीस प्रमाणपत्र, पासपोर्ट कार्यालयाचेच चालते, पोलीस ठाण्याचा दाखला नव्हे. तिकडच्या जोडीदाराचे उत्पन्न साधारणपणे तिथल्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के हवे. कमी पडल्यास सहप्रायोजक, म्हणजे आर्थिक हमी देणारी तिकडची दुसरी व्यक्ती, शोधावा. मुंबईतल्या मुलाखतीत २२१-जी चिठ्ठी (कागद अपुरे म्हणून व्हिसा तूर्त थांबवल्याची) हाती पडली तर घाबरू नये, पण मागितलेले कागद वर्षाच्या आत द्यावेतच. नाहीतर पुन्हा अर्ज, पुन्हा फी.

जिल्हा परिषदांनी जन्मनोंदीत नाव घालण्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी शिबिरे घ्यावीत, ही विनंती.

– एक वाचक, लातूर