शनिवारची बैठक : टॅग आणि कार्डं

सभासदहो, येत्या शनिवारी दुपारी ३ वाजता नेहमीच्या खोलीत कटिंग मशीनवर टॅग आणि शुभेच्छापत्रं कापायची आहेत. मशीन एकच आहे, त्यामुळे नावं गुरुवारपर्यंत कळवा. पाळी नावाच्या क्रमाने.

येताना आणा :
- २०० ते २५० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कार्डस्टॉक, म्हणजे जाड कागद, मशीनच्या चिकट मॅटवर बसेल असा १२ इंचांच्या आत कापलेला
- डिझाइनची एसव्हीजी फाइल, म्हणजे रेषांच्या रूपातलं चित्र, पेन ड्राइव्हवर. फोटो चालणार नाही, मशीनला रेषा लागतात.
- सुतळी किंवा रिबीन

हातकागद आणणाऱ्यांनी नक्षी मोठी आणि सुटसुटीत ठेवा. त्याचे धागे पात्यात अडकतात आणि बारीक जाळी हमखास फाटते. प्रत्येक नव्या कागदावर आधी कोपऱ्यात छोटा चौकोन कापून बघायचा, मगच पूर्ण डिझाइन. घाई असली तरी हे टाळू नका.

कापून झाल्यावर मॅट उलटी करून मॅटच वाकवा, कागद ओढू नका. ओढलेलं कार्ड गुंडाळी होतं, मग कितीही दाबा.

पात्याला बोट लावून धार बघू नये. मुलांना आणलंत तर सुतळी ओवायचं काम त्यांचं. कात्रणं आपापली उचला.